तलवार किती किलोची आहे?

2025च्या फेब्रुवारीत, शिवजयंतीच्या आठवड्यात, वर्ध्यातल्या एका सभागृहात भरलेलं शस्त्रप्रदर्शन पाहायला गेलो होतो. आयोजक कोण, सभागृह कुठलं, हे सांगत बसत नाही, कारण अशी प्रदर्शनं आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी भरतात आणि सगळी साधारण सारखीच असतात. लांबच लांब टेबलं, त्यांवर भगवं कापड, कापडावर ओळीनं मांडलेल्या तलवारी, कट्यारी, बिचवे, भाल्याची पाती, दोन-तीन ढाली, एखादी ठासणीची बंदूक, कोपऱ्यात तोफेचे गोळे. स्पीकरवर पोवाडा. दाराशी सेल्फी पॉइंट.

मी दीडेक तास तिथं होतो. लोक काय विचारतात ते मनातल्या मनात मोजत होतो. (दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार!) पहिल्या नंबरचा प्रश्न, बऱ्याच मोठ्या फरकानं: ‘किती किलोची आहे?’ दुसरा: ‘महाराजांची आहे का?’ तिसरा: ‘हातात धरून फोटो काढू का?’

या तीन प्रश्नांत आजचं आपलं सगळं शस्त्रवाङ्मय मावतं असं मला वाटतं. शस्त्रवाङ्मय म्हणजे फक्त पुस्तकं नाहीत. इन्स्टाग्रामवरच्या रील, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्ट, अशी प्रदर्शनं, त्यांतली भाषणं, सिनेमातली तलवारबाजी, सगळं त्यात आलं. शस्त्राबद्दल आपण मराठीत इतकं बोलतोय, इतकं बघतोय, की या प्रकाराकडे समीक्षकाच्या नजरेनं बघायला हरकत नसावी. मी इतिहासकार नाही. मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, पुलगावकडचा आहे, आणि शस्त्रांशी माझा जो काही संबंध आला तो तलवारीमुळे आलेला नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी वजन. रीलमध्ये तलवारींची वजनं बघून जिममधले डंबेल लाजावेत. वीस किलो, चाळीस किलो, एका ठिकाणी तर मी त्याहून मोठा आकडा ऐकला. प्रत्यक्षात एका हातानं लढायची तलवार साधारण किलोभराची, फार तर दीड किलोची असते. यामागे पराक्रमाची कमतरता नाही, साधं गणित आहे: हत्यार जितकं जड तितकं ते फिरवायला आणि मुख्य म्हणजे थांबवायला अवघड. घाव चुकला की जड तलवार तुम्हालाच ओढून नेते. लढणाऱ्या माणसाला हलकं हत्यार हवं असतं. चाळीस किलोची तलवार हवी असते ती बघणाऱ्याला.

त्या सभागृहातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं मला मिळाली ती दांडपट्ट्यापाशी. संग्राहक साठीतले, पांढरी टोपी, बोलायला मोकळे. त्यांनी पट्ट्याच्या पात्याचं टोक दोन बोटांत धरून हळूच वाकवलं, सोडलं, आणि पातं सरळ झालं. मग मुठीची लोखंडी खोबण दाखवली. हात कोपरापर्यंत आत जातो, आतली आडवी दांडी मुठीत धरायची. म्हणजे मनगट बंद झालं, त्याला आता वळायला जागाच नाही. तलवारीत जे काम मनगट करतं ते पट्ट्यात खांद्यानं आणि कमरेनं करायचं. म्हणून पट्टेकरी सतत फिरताना दिसतो. ते फिरणं शोभेचं नाही, हत्यारानंच त्याला दुसरा रस्ता ठेवलेला नाही. शस्त्राची रचना माणसाचं शरीर कसं बदलते हे मला त्या दहा मिनिटांत कळलं, ते शंभर रील बघून कळलं नव्हतं. एक शिट्टी मारणारं पोट्टं सोडलं तर आमच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. गर्दी सगळी तोफगोळ्यांपाशी होती. तिथं गोळा उचलून बघता येत होता.

आता दुसरा प्रश्न. महाराजांची आहे का?

याच दिवसांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आलेली वाघनखं नागपूरला मुक्कामी होती. सरकारनं 2023च्या ऑक्टोबरमध्ये करार केला, तीन वर्षांच्या बोलीवर ती आणली, 2024च्या जुलैत आधी साताऱ्यात ठेवली, मग नागपूरला. त्याआधी आणि त्यानंतर महाराष्ट्रात जो वाद झाला तो तुमच्याही फोनवर आला असेल: खरी की खोटी? म्युझियमची स्वतःची भूमिका सरळ आहे. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता येत नाही. त्यांच्याकडे आहे ती एक पेटी आणि पेटीवरचा मजकूर. तो सांगतो की साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानानं ही वस्तू दिली आणि हिनंच शिवाजीनं मुघल सेनापतीला मारलं. अफजलखान मुघलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे आपल्याकडचं चौथीतलं पोरही सांगेल. म्हणजे पेटीवरच्या चार ओळींत निदान एक ढळढळीत चूक आहे.

मला गंमत वाटली ती दोन्ही बाजूंची. ‘खरीच आहेत’ म्हणणारे आणि ‘खोटी आहेत’ म्हणणारे एकाच गोष्टीवर एकमतात होते: ती खरी असतील तरच त्यांना मोल. ग्रँट डफच्या हातात ती कशी आली, 1818 नंतर साताऱ्यात कोण कोणाला काय भेट देत होतं आणि का, जिंकलेल्यांच्या घरात हरलेल्यांची हत्यारं आठवण म्हणून कशी जाऊन बसली, ही गोष्ट त्या पेटीत पक्की आहे. तिला पुरावा हवा असेल तर तो चुकीचा मजकूरच पुरावा आहे. पण ती गोष्ट कोणी सांगितली नाही, कारण तिच्यात पराक्रम नाही.

तसंच फिरंगीचं. मराठ्यांच्या आवडत्या तलवारींपैकी एकीचं नावच फिरंगी. पातं युरोपातून यायचं, सरळ, लांब. मूठ इथं बसवायची. आपल्या शौर्याचं चिन्ह म्हणून जी आपण टी-शर्टवर छापतो तिचा अर्धा भाग आयात केलेला, आणि ते कोणी लपवलं नव्हतं, नावातच सांगितलं होतं. माझ्या धंद्यातल्या कोणाला हे सांगायची गरज नाही. आपण लिहिलेल्या प्रोग्रामच्या पोटात निम्म्याहून जास्त कोड परक्यांचा असतो. प्रश्न अभिमानाचा नसतो, पुरवठा कोणाच्या हातात आहे हा असतो. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर राजापूरच्या इंग्रजांनी तोफा डागल्या आणि दुसऱ्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैदेत टाकलं. त्यात राग होताच, पण दारूगोळा विकणारा उद्या कोणालाही विकेल याची पक्की समजही होती. प्रदर्शनातल्या फिरंगीखालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘फिरंगी तलवार. मराठा. 17वे शतक.’ बस.

हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी दोन महिने कुआलालंपूरला होतो. तिथं क्रिस नावाचा मलय खंजीर जागोजागी दिसतो, नागमोडी पात्याचा: पक्षाच्या झेंड्यावर, राजचिन्हात, पूर्वी एक रिंगिटच्या नाण्यावरही होता. हांग तुआ हा त्यांचा दंतकथेतला वीर. त्याच्या तामिंग सारी नावाच्या क्रिसचीही ‘खरी कोणती’ ही चर्चा आहेच, आणि पेराकच्या राजघराण्याकडे त्या नावाचा क्रिस मानानं सांभाळलेला आहे. 2005 साली सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेच्या प्रमुखानं अधिवेशनात क्रिस म्यानातून उपसून उंचावला, देशभर वाद झाला, पुढे त्यानं माफीही मागितली. त्याच देशात 2011 साली नौदलासाठी सहा युद्धनौकांचं कंत्राट दिलं गेलं, सुमारे नऊ अब्ज रिंगिटचं. पहिली नौका 2019ला यायची होती. 2022च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं अहवाल दिला तेव्हा सहा अब्ज रिंगिट देऊन झाले होते आणि नौका एकही आलेली नव्हती. क्रिस सगळ्यांना दिसला, नौकेचं बिल मात्र बरीच वर्षं कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

पण तिथलाच एक सहकारी, मलय, माझ्याच वयाचा, त्यानं आजोबांच्या क्रिसबद्दल जे सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं. वर्षातून एकदा तो बाहेर काढायचा, लिंबाच्या रसानं धुवायचा, गंज उतरवायचा, पात्यातल्या लोखंडाच्या लाटा पुन्हा उठून दिसेपर्यंत. मग तेल लावून परत म्यानात. घरातल्या सगळ्या पोरांना बसवून हे व्हायचं. मला आपली खंडेनवमी आठवली. आता आपण लॅपटॉपला हळदकुंकू लावून फोटो टाकतो, पण पावसाळाभर पडून राहिलेली हत्यारं बाहेर काढणं, पुसणं, परजणं, मग दसऱ्याला सीमोल्लंघन, या क्रमात पूजेइतकीच देखभाल आहे असं मला वाटतं. शस्त्राचं आयुष्य लढाईत जातं ते काही तास. बाकीची सगळी वर्षं ते कुठंतरी ठेवलेलं असतं.

ही ठेवण्याची गोष्ट मराठीत लिहिलीच गेली नाही असंही नाही. उलट फार चांगली लिहिली गेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आपण त्यातली गडकोटांची वाक्यं स्टेटसला ठेवतो, आरमाराची ठेवतो, आंबा-फणसाची झाडं तोडू नका म्हणणारा भाग पर्यावरणदिनाला ठेवतो. पण त्यात दारूखान्याबद्दलही आहे, आणि माझ्या मते राज्य चालवणाऱ्या माणसाची बुद्धी तिथं सगळ्यात स्पष्ट दिसते. दारूखाना राहत्या घरांजवळ नको. तळघर असेल तर गच्ची करून पक्कं करा, आत माच घाला, दारूची मडकी माचावर, जमिनीवर नाही. बाण वगैरे कुठं ठेवायचे तेही ठरलेलं. ओल लागू द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं, पुन्हा आत ठेवून मोहोर करायची. रात्रंदिवस जागता पहारा. परवानगीशिवाय आसपास कोणी फिरकायचं नाही.

पुन्हा वाचून बघा. आठ-पंधरा दिवसांनी. हवालदारानं. स्वतः. नोकरीत आम्ही ज्याला देखभालीची नियमावली म्हणतो तिच्यात नेमकं हेच असतं: काय, किती दिवसांनी, जबाबदार कोण, झाल्याची खूण काय. अमात्यांना माहीत होतं की साठवलेली दारू झोपलेली नसते. ती बदलत असते, ओल धरते, खराब होते, आणि खराब झाल्यावर ती ठरवते कधी पेटायचं.

आता पुलगाव.

वर्धा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी: वर्धा नदीच्या काठी, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आमचं पुलगाव आहे आणि त्याला लागून लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, सुमारे सात हजार एकरांवर पसरलेलं, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. पत्रकार मंडळी दर वेळी एकच वाक्य लिहितात: गांधींच्या जिल्ह्यात दारूगोळा! सेवाग्राम इथंच, पवनार इथंच, केवढा विरोधाभास वगैरे. मला या वाक्याचा कंटाळा आलाय. अशी टाळी घेऊन लेख संपतो, आणि भांडारात नक्की काय असतं, ते किती जुनं होतं, जुनं झाल्यावर त्याचं काय करतात हे विचारायचं राहूनच जातं.

31 मे 2016च्या मध्यरात्रीनंतर भांडारातल्या एका शेडला आग लागली आणि स्फोट झाले. 19 जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बहुतेक जण आग विझवायला आत शिरलेले अग्निशमनाचे कर्मचारी होते. आसपासच्या गावांना रातोरात हलवलं. मी इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी होतो. माझी आत्या भांडाराजवळच्या एका गावात राहते. पहाटे ती आमच्याकडे पोचली तेव्हा पायात चप्पल नव्हती. ‘मले वाटलं भूकंपच झाला. दार आपोआप उघडलं. पोट्टे उचलले अन् निघालो,’ एवढंच म्हणाली आणि चहा मागितला. ती आजही ढगांच्या गडगडाटाला उठून बसते.

चौकशीतून पुढे आलेलं कारण असं होतं की रणगाडाविरोधी सुरुंगांच्या सदोष साठ्यातून टीएनटी झिरपत होतं. हे थोडं समजून घ्यायला हवं. टीएनटी साधारण 80 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते वितळवून कवचात ओतता येतं आणि थंड झाल्यावर घट्ट होतं. ते शुद्ध असेल तर फार सोशिक असतं. पण त्यात अशुद्धी राहिल्या तर त्यांचं मिश्रण पुष्कळ कमी तापमानाला पातळ होतं, तेलासारखं, आणि फटीफटीतून बाहेर येतं. म्हणजे कवचात कोंडलेली वस्तू कवचाबाहेर आली, जिथं तिनं असायला नको तिथं. ही गोष्ट एका रात्रीत होत नाही. ती कित्येक महिने, कित्येक वर्षं चालते, कोणीतरी पाहत असतं, कागदावर येत असते. अमात्यांच्या भाषेत सांगायचं तर हवालदारानं माल बाहेर काढून पाहायचा, आणि त्यानं जे पाहिलं त्यावर वरच्यानं काही करायचं, या दोन गोष्टींमध्ये कुठंतरी आगीला वाट मिळते.

अडीच वर्षांनी, 20 नोव्हेंबर 2018ला, भांडाराच्या सोनेगाव आबाजी इथल्या मैदानावर पुन्हा स्फोट झाला. इथं आग नव्हती, नेहमीचं काम होतं: मुदत संपलेला दारूगोळा निकामी करणं. सहा जण गेले. मरणाऱ्यांत आजूबाजूच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. 2016च्या मृतांना निदान सलामी मिळाली. रोजंदारीवर पेट्या उचलणारा माणूस शस्त्राच्या कुठल्याच गोष्टीत बसत नाही. तो सैनिक नाही, कारागीर नाही, शत्रूही नाही.

मी ज्या प्रदर्शनाबद्दल लिहितोय त्याच्या महिनाभर आधी, 24 जानेवारीला, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले होते. 2023च्या डिसेंबरमध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बायका. आमच्या विदर्भाचा हा भाग आता देशाला शस्त्रं पुरवणारा पट्टा होतोय. नवी हत्यारं इथं तयार होतात आणि त्यांना नावं पुराणातली मिळतात: पिनाक, नागास्त्र. नावं ठेवायला माझा विरोध नाही, चांगली आहेत, उच्चारायला भारी वाटतात. पण नावाचं एक काम असतं. ‘नागास्त्र’ म्हटलं की डोळ्यांपुढे धनुष्य येतं, मंत्र येतो. हातमोजे घालून वाती भरणारी, दुपारच्या डब्यात भाकर आणलेली बाई येत नाही. वीस किलोची तलवारही हेच करते. ती वजनाकडे बघायला लावते, म्हणजे ती कोणी घडवली, कोणी विकली, कोणी सांभाळली, कोणी फेकून दिली हे बघायचं राहतं.

म्हणून माझी त्या प्रदर्शनाबद्दलची तक्रार ‘खोटी शस्त्रं मांडली’ ही नाही. काही नक्कीच अलीकडच्या काळातली होती, पॉलिश बघून कळत होतं, असू देत. ‘हिंसेचं उदात्तीकरण’ हीसुद्धा नाही. हा शब्द वापरला की समोरचा ऐकणं बंद करतो आणि त्याचं फारसं चुकतही नाही. तक्रार अशी आहे की शस्त्रांच्या एवढ्या मोठ्या मांडणीत शस्त्राच्या आयुष्यातला फक्त एकच क्षण होता, घाव घालण्याचा. तोफगोळे होते, पण ज्या दारूवाचून तो गोळा नुसतं लोखंड असतो तिचं एक मडकंही नव्हतं. ‘आज्ञापत्रा’तला गडांवरचा मजकूर फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत होता. दारूखान्याचा नव्हता. पुलगाव रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या गावात हे होतं, म्हणून मला ते जास्त लागलं. सांगलीत किंवा ठाण्यात कदाचित जाणवलं नसतं.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली तेव्हा पुन्हा पट्ट्याच्या टेबलापाशी गेलो. संग्राहक काका एकेक वस्तू कापडात गुंडाळत होते. म्हटलं, ‘काका, हे सगळं घरी ठेवता कसं?’

त्यांनी वर पाहिलं. ‘बरं विचारलं तू हे,’ म्हणाले, आणि बसलेच खुर्चीवर. मग वीस मिनिटं बोलले. पावसाळ्याआधी प्रत्येक पातं काढायचं. कोरड्या कापडानं, मग तेलाच्या. बोटं लावायची नाहीत, घामाचा डाग राहतो आणि तिथूनच गंज धरतो. चामड्याच्या म्यानात तलवार ठेवून द्यायची नाही, चामडं ओल ओढतं. आज दिवसभर लोकांनी हाताळलेली सगळी हत्यारं आज रात्रीच पुसून ठेवावी लागणार, नाहीतर आठवड्यात ठिपके येतात. मुलगा पुण्यात असतो, त्याला याची हौस नाही. सून म्हणते विकून टाका. पुसायला दोन माणसं लागतात, आता बायकोच मदत करते, तिचेही गुडघे दुखतात.

‘फोटो काढू देता का’ विचारणाऱ्या दोन मुली आल्या. काकांनी त्यांना पट्टा दिला. ‘पात्याले हात नको लावू बरं, बेटा.’ फोटो झाले. मग त्यांनी टेबलावरचं भगवं कापड एका बाजूनं वर केलं. खाली तेलाचा डबा, फाटक्या बनियनच्या चिंध्या आणि जुन्या टूथब्रशांचा एक गठ्ठा होता. एक चिंधी त्यांनी माझ्या हातात दिली.